तांब्याची नळी

दादाला सगळे कानसेन म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. तोंडावर कुणी म्हटलं की 'काहीतरीच' म्हणून हात झटकायचा, पण नंतर बराच वेळ त्याची चाल बदललेली असायची. त्याच्या धाकट्या बहिणीला हे पाठ होतं. तिला सगळे बारकी म्हणत. बारकी चाळिशीच्या पार गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती बारकीच. काही माणसांची नावं एकदा चिकटली की मढ्याबरोबरच निघतात.

गॅरेज दोघांचं. पुढे लोखंडी शटर, आत तेल पिऊन काळी पडलेली सिमेंटची जमीन आणि त्या जमिनीत मधोमध बसवलेले जाडजूड रोलर. गाडीची चाकं रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची आणि जागच्या जागी भरधाव सोडायची. इंजिनाने किती हॉर्सपॉवर काढली ते रोलर सांगतात. गिऱ्हाईक त्या आकड्यासाठी येतं. गाडी घरी जाते, आकडा गावभर फिरतो.

दादाचं काम इंजिनाचं, बारकीचं लॅपटॉपचं. गाडीत कंपनीने बसवलेला कॉम्प्युटर असतो, त्याला ही भावंडं डबा म्हणत. त्या डब्याच्या पोटात शिरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने हवा किती कोंबायची, हे सगळं बदलायचं ते बारकीने. दादाने स्क्रीनकडे कधी मान वाकडी करून पाहिलं नाही. 'ते तुझं खातं,' म्हणायचा, जसं काही ती तिथे बसून स्वेटर विणत होती.

दादाचा एक हट्ट होता. ब्लॉक कंपनीचा आणि डबाही कंपनीचा. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, ज्यात पिस्टन वरखाली पळतात. तो उघडायचा नाही, आतलं काही बदलायचं नाही. वरून टर्बो मोठा लावा, पेट्रोल जास्त पाजा, पण धड जसं कारखान्यातून आलं तसंच. पलीकडच्या रस्त्यावर लांब्याचं गॅरेज होतं. लांब्या प्रत्येक इंजिन उभं फाडायचा, आत पोलादी पिस्टन भरायचा, कंपनीचा डबा कचऱ्यात टाकून परदेशी डबा लावायचा. दादा म्हणायचा, "त्याचं काय कौतुक? नवरी बदलून वरात काढतोय."

हा हट्ट चालायचा तो एका नळीवर.

इंजिनावर जोर वाढवत नेला की एक वेळ अशी येते, पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपण पेटतं. मग सिलिंडरच्या आत जणू हातोडी बसते. तिला नॉक म्हणतात. आवाज मोठा नसतो. गरम तव्यावर मीठ पडावं तशी बारीक कडकड. दोन-चार बसल्या तर इंजिन सोसतं. बसत राहिल्या तर पिस्टन फुटतो, आणि कंपनीचा पिस्टन लवकर फुटतो. ही कडकड ऐकायला दादाने तांब्याची एक नळी केली होती. एक टोक ठोकून चपटं केलेलं, त्याला भोक पाडून ते ब्लॉकला बोल्टने आवळलेलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती खिडकीतून गाडीत, आणि तिथे कानावर चढवायचे हेडफोनसारखे जाड पट्टे. डॉक्टर छातीला लावतात त्यातलाच प्रकार.

आता डब्यालाही स्वतःचा कान असतो. ब्लॉकवर बसवलेला बटणासारखा एक सेन्सर. त्याला कडकड ऐकू आली की डबा लगेच ठिणगी मागे खेचतो आणि ताकद उतरते. दादाचं म्हणणं, हा कान भित्रा आहे. साखळी खडखडली तरी दचकतो, पाना पडला तरी दचकतो. "त्याचा कान बंद कर," तो बारकीला सांगायचा, "मी आहे ना ऐकायला." आणि ह्या थापा नव्हत्या. दादा नळी कानाला लावून डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरमध्ये आली, थोडी मागे घे. बारकी घ्यायची. जिथे इतरांची इंजिनं फुटली तिथे दादाची टिकली. कानसेन हे नाव त्याने कमावलेलं होतं.

पण ज्या खोलीत त्याने हे नाव कमावलं ती खोली कसली होती ते कुणी बोलत नाही. पत्र्याचं छप्पर, बंद भिंती, आणि उघड्या सायलेन्सरची गाडी रोज कानाशी किंचाळतेय. कानात बोळे घालणाऱ्याला ही माणसं हसतात. 'राणीसाहेबांना आवाज सोसत नाही.' दादाही हसला. हसत हसत आयुष्य गेलं. आणि कानाचा हरामखोरपणा असा, की तो जाताना दुखत नाही. दात ठणकतो, गुडघा रडवतो. कान चोरपावलांनी जातो, आणि आधी नेतो ते बारीक, उंच आवाज. मोटार ऐकू येते, माणूस ऐकू येतो, शिव्याही येतात. नॉकची कडकड मात्र नेमकी त्याच बारीक आवाजांतली.

बारकीच्या लक्षात आलं ते स्वयंपाकघरात. फ्रिजचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि फ्रिज पीं पीं करत होता. दादा त्याच्या शेजारी उभा राहून ब्रेड खात होता. दार त्याच्या कोपराला लागत होतं. वहिनी हातातलं टाकून आली, दार लावलं आणि बारकीकडे बघितलं.

मग गॅरेजमध्ये. नळीला पुढे फाटा होता, बारकीच्या कानांसाठी वेगळे पट्टे होते. तिला ऐकायला शिकवलं होतं दादानेच, तिची शाळा नुकती संपली तेव्हा. त्या दिवशी एक गाडी रोलरवर वर, म्हणजे भरधाव, नेताना तिला कडकड आली, स्वच्छ, कुणी कागद फाडावा तशी. तिने हात वर केला. दादाने अंगठा दाखवला, 'मस्त चाललंय.' तिला वाटलं आपलीच चूक. रात्री तिने डब्यातली नोंद काढून पाहिली. डब्यालाही तिथेच ऐकू आली होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. सगळ्या अशा गोष्टी तेव्हाच सांगायच्या असतात, आणि तेव्हा माणसाच्या जिभेला लकवा होतो. बारकीने दुसरं केलं. दादा म्हणाला 'बंद कर त्याचा कान', की ती दोन बटणं उगाच वाजवायची आणि म्हणायची 'केला'. कान चालूच ठेवायची. दादा डोळे मिटून नळी ऐकत बसायचा, आणि खरं ऐकायचा तो डबा. कडकड आली की डबा मुकाट मागे सरायचा. गाडी टिकायची. गिऱ्हाईक दादाची पाठ थोपटायचं. बारकीला वाटायचं आपण पुण्य करतोय.

त्या पुण्याचं फळ असं आलं की दादा शेफारला. आपल्या कानावर एवढा भरवसा त्याला तरुणपणीही नव्हता. भंगारातून त्याने एक जुनी लांबुडकी गाडी उचलून आणली, पोराबाळांना आणि बॅगा-बोचक्यांना घेऊन फिरायला केलेली. मागच्या सीटवर अजून बाळाच्या खुर्चीचा खळगा होता. कंपनीने तिला दोनशेच्या आसपास ताकद दिली होती. दादाने खडूने शटरच्या आतल्या बाजूला पाचशे लिहिलं. ब्लॉक कंपनीचा, डबा कंपनीचा. आणि लांब्याला निरोप धाडला, रविवारी सकाळी बघायला ये.

रविवारी सकाळी वहिनीने बारकीला स्वयंपाकघरात अडवलं. दादा खाली शटर उघडत होता, त्याचा खडखडाट वर येत होता.

"आज तरी सांगा ह्यांना."

"तुम्ही का नाही सांगत?"

"मी सांगितलं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, तुझी बडबड ऐकायची नसते म्हणून मी बहिरा होतो." वहिनी कोरडं हसली. "तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांच्या धंद्यातल्या."

"धंद्यातली आहे म्हणूनच नाही सांगवत, वहिनी. तुम्ही म्हणालात तर फक्त कान जाईल. मी म्हटलं तर सगळंच जाईल."

वहिनीने कप विसळला, पालथा घातला. "मग जाऊ दे फुटून एकदा," ती म्हणाली. "लोखंडच आहे ना."

खाली बेकरीवाला आधीच येऊन बसला होता. तो दादाचा शाळेपासूनचा दोस्त. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक मोठ्या दिवशी तो हजर असायचा, कागदी पिशवीतून गरम पाव घेऊन.

"पाचशे घोडे म्हणजे रे किती?" त्याने विचारलं.

"तुझ्या बेकरीत मावणार नाहीत एवढे," दादा म्हणाला.

"शेण कोण काढणार मग?"

"बारकी आहे ना."

लांब्या आला तो दारातच वाकून आला. वाकायची गरज नव्हती, सवय होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनात टॉर्च मारला, ब्लॉकवर कारखान्याचा शिक्का बघितला. "खरंच उघडलेला नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि बारकीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दादा चालवायला बसला, बारकी शेजारी लॅपटॉप घेऊन. दोघांच्या कानांवर पट्टे. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं, त्यामुळे पुढच्या काचेतून इंजिन दिसत होतं आणि इंजिनापलीकडे, गार हवेसाठी गाडीसमोर ठेवलेल्या मोठ्या पंख्याशेजारी उभे असलेले लांब्या आणि बेकरीवाला.

"बंद केलास कान?"

"केला."

गाडी वर गेली. पत्रे थरथरले, भिंतीवरचे पाने खुंटीवर नाचले. बारकीच्या कानात वरच्या टोकाला कडकड उठली, आणि उठताक्षणी डब्याने ठिणगी खेचली. आकडा चारशे ऐंशीच्या वर जाऊन दमला. दादाने पाय काढला. पुन्हा एकदा. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा थोडा कमीच.

दादाने पट्टे मानेवर ओढले. "कुठेतरी अडतंय. आवाज तर स्वच्छ आहे."

लांब्या बारकीच्या खिडकीशी आला आणि वाकला. त्याची नजर स्क्रीनवर गेली. बारकीने झाकण पाडायला हात उचलला, पण उशीर झाला होता.

"अडतंय कुठे?" लांब्या म्हणाला. "डबाच मागे खेचतोय. त्याचा कान चालू आहे, कानसेन."

दादाने बारकीकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"चुकून राहिला का?"

"नाही."

"मग?"

"दादा, आपण वर जाऊन बोलू."

"इथे बोल. इथे काय परकं आहे?"

परका खिडकीत वाकून उभा होता. त्याच्यामागे बेकरीवाला पाव चावता चावता थांबला होता. बारकीच्या तोंडात ते वाक्य आलं होतं, अख्खं, तयार. दादा, तुला ऐकू येत नाही. एवढंच. पण लांब्यासमोर? ज्याच्यासमोर मान ताठ ठेवण्यासाठी ह्या माणसाने भंगारातली गाडी हाताने घासली, त्याच्यासमोर? तिला वहिनीचं बोलणं आठवलं. लोखंडच आहे. लोखंड फुटलं तर दादा म्हणेल कंपनीचा ब्लॉक कच्चा निघाला. लांब्याही तेच म्हणेल. चार दिवस हसतील, मग विसरतील. कानाचं नाव निघणार नाही.

"भीती वाटली मला," ती म्हणाली. "फुटेल म्हणून."

"वेडी," दादा म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. "मी ऐकतोय ना. कर बंद."

तिने केला. ह्या वेळी खरा. बोट बटणावर टेकलं तेव्हा तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी नाकावर उशी ठेवतोय. लांब्या आणि बेकरीवाला पुन्हा पंख्याशी जाऊन उभे राहिले.

गाडी वर गेली. मधल्या टप्प्यातच कडकड सुरू झाली, आधी एक-दोन, मग मूठभर, मग पत्र्यावर खडी ओतावी तशी. नळीतून ती बारकीच्या डोक्यात शिरत होती. तिने दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर समाधान होतं, देवळात बसल्यासारखं. त्याने डावा हात उचलला आणि अंगठा वर केला. तिने त्याच्या हाताला धरलं, जोरात, 'सोड' म्हणून. त्याला वाटलं तिला आनंद झाला. त्याने तिचा हात दाबला आणि पाय आणखी खाली नेला.

आकडा पाचशे ओलांडून गेला. बारकीने तो पाहिला. मग इंजिनातून तोफेसारखा आवाज आला, काचेवर तेल उडालं, आणि धुराने खोली भरली.

रोलर बराच वेळ फिरत राहिले, मग थांबले. बेकरीवाला खोकत होता. ब्लॉकच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पिस्टनचा वाकडा झालेला दांडा बाहेर डोकावत होता, तुटलेलं हाड कातडीतून यावं तसा. तेल टपटप गळत होतं.

लांब्या पंख्याच्या आडून पुढे आला. त्याने भोकात टॉर्च मारला नाही. "आकडा आला," तो म्हणाला. "मी बघितला. कुणी विचारलं तर सांगेन." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "निघतो," आणि दारातून वाकून गेला.

हे सगळं बारकीने योजलं होतं तसंच झालं होतं. दादा गाडीतून उतरला, भोकावर हात ठेवला, चटका बसला तसा काढला. आता तो ब्लॉकला शिव्या घालेल, मग पाव खाईल, मग उद्यापासून दुसरा ब्लॉक शोधेल.

पण दादा बेकरीवाल्याकडे बघत होता.

"तू मागे का सरकलास?"

"कधी?"

"फुटायच्या आधी. अंगठा दाखवून मी डोळे उघडले तेव्हा तू पंख्याजवळ नव्हतास. भिंतीला चिकटला होतास. लांब्याही पंख्याच्या आड गेला होता. का?"

"अरे, आवाज यायला लागला ना तो," बेकरीवाला म्हणाला. "कडकड कडकड. मला वाटलं काहीतरी उडून अंगावर येतंय."

"तुला आला?"

"न यायला काय झालं? बहिऱ्यालाही आला असता." आणि त्याने पिशवी पुढे केली. "पाव घे. तेल नाही लागलंय ह्याला."

त्या बिचाऱ्याला आजतागायत माहीत नाही आपण काय बोललो ते.

दादाने पाव घेतला, हातात धरून उभा राहिला. मग बारकीकडे वळला. तिच्या गळ्यात अजून पट्टे होते. त्याची नजर त्या पट्ट्यांवर गेली, तिथून रबरी नळीवर, फाट्यावर, ब्लॉकवर.

"तुला आला?"

"आला."

"माझा हात धरलास तो—"

"हो."

"याआधीच्या गाड्यांच्या वेळीही?"

बारकीने मान डोलावली.

"म्हणजे ऐकत होता तो डबा," दादा म्हणाला. "आणि पाठ थोपटून घेत होतो मी." त्याने हातातल्या पावाकडे पाहिलं. "आणि आज तू मला सोडलंस."

तिला सांगायचं होतं, सोडलं नाही, लांब्यासमोर तुझी लाज राखली. पण लाज कुणाची राखली हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. दादाने पाव कामाच्या टेबलावर ठेवला आणि हात न धुताच वर गेला. तिथून भांडणाचा आवाज येईल म्हणून बारकी जिन्याशी उभी राहिली. काहीच आलं नाही. वहिनीचा एक हुंदका आला, तोही बारीक, म्हणजे ज्याच्यासाठी होता त्याला तो पोचला नसणार.

पुढचे काही दिवस दोघं लागेल तेवढंच बोलली. पाना दे. दिवा धर. इंजिन उतरवून स्टँडवर टांगलं. गिऱ्हाइकं आली, बारकीने त्यांना नंतर या म्हणून सांगितलं. शटरवरचा खडूचा आकडा तसाच होता, कुणी पुसला नाही.

मग एका दुपारी तिने जेवून खाली येऊन पाहिलं तर दादा स्टँडसमोर स्टुलावर बसला होता. तांब्याची नळी मेलेल्या ब्लॉकला अजून आवळलेली होती, आणि पट्टे त्याच्या कानांवर होते.

"हातोडी घे," तो म्हणाला. "ठोक."

तिने ब्लॉकवर हातोडी ठोकली. त्याने मान डोलावली. "पाना." तिने पाना आपटला. त्याने मान डोलावली. "स्क्रूड्रायव्हर. दांड्याने नको, टोकाने." तिने टोक टेकवून टकटक केलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "आहे. लांब आहे, पण आहे."

"दादा, पुरे आता."

"खिळा घे. ओढ. नॉकसारखा, हलका."

तिने टेबलावरून एक खिळा उचलला. दादाने डोळे मिटले, दोन्ही हातांनी पट्टे कानांवर घट्ट दाबले. मान थोडी तिरकी केली, पूर्वी करायचा तशी. बारकीने खिळा लोखंडावर ओढला, पुन्हा ओढला, जोर वाढवला. रंगाचे कपचे निघाले, खाली पांढरी रेघ उमटली. तिच्या दातांना शिरशिरी आली.

दादा वाट बघत होता.

"कर ना सुरू," तो म्हणाला.